लिव्ह उल्मन कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या काही हौशी मंडळींनी 'ऑटम सोनाटा' हा १९७८ सालचा स्वीडिश चित्रपट दाखवला. तीस-चाळीस माणसे जमली होती. निम्मी मराठी, निम्मी कन्नड, आणि दोन्ही भाषांत सारखीच शांत बसलेली. चित्रपटापूर्वी एका अभ्यासू गृहस्थांनी वीस मिनिटे प्रास्ताविक केले. दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचे धर्मोपदेशक वडील, त्यांचे बालपण, त्यांची देवाशी चाललेली झुंज, त्यांची पाच लग्ने, सगळे सांगून झाले. शेवटी घड्याळाकडे पाहत ते म्हणाले, "यात दोन नट्या आहेत. आईच्या भूमिकेत जगप्रसिद्ध इन्ग्रिड बर्गमन. आणि मुलीच्या भूमिकेत आपली ती, बर्गमनची लिव्ह उल्मन."

चित्रपट संपला. दिवे लागले. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, "ती चष्मेवाली पोरगी कोण हो? आईपुढं पेटी वाजवायला बसली तवा जीव तुटला की माझा. कुणाची म्हणे ती?"

मागच्या रांगेतून उत्तर आले, "बर्गमनची, आजी. बर्गमनची."

आजींनी 'कुणाची' असे विचारले ते आपल्याकडच्या पद्धतीने. कुठल्या घरची, कुठल्या गावची, एवढेच त्यांना हवे होते. पण उत्तर मिळाले ते मालकाचे. त्या उत्तराविरुद्ध हा लेख आहे. वाचकहो, विषय दूरच्या नॉर्वेतल्या एका अभिनेत्रीचा असला तरी 'कुणाची' हा प्रश्न आपल्या ओसरीवरचा आहे, हे शेवटपर्यंत वाचलेत तर पटेल.

आधी आजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो, कारण ते त्या दिवशी कोणीच दिले नाही.

लिव्ह उल्मन नॉर्वेच्या एका अभियंत्याची मुलगी. जन्म १६ डिसेंबर १९३८ चा, आणि तोही टोकियोत, कारण वडिलांची नोकरी तेव्हा तिथे होती. दुसरे महायुद्ध पेटले, नॉर्वे जर्मनीच्या टाचेखाली गेला आणि हे कुटुंब कॅनडात पोचले. तिथे नॉर्वेच्या हवाईदलाचा परागंदा तळ होता. युद्धाच्या अखेरीस वडील वारले. लिव्ह जेमतेम सहा वर्षांची होती. आई दोन मुलींना घेऊन मायदेशी परतली आणि ट्रॉनहाइम या गावी लिव्ह वाढली. स्वतःचा देश तिला असा उशिरा, आणि वडिलांशिवाय मिळाला.

तिला नटी व्हायचे होते. ओस्लोच्या सरकारी नाट्यविद्यालयाने तिला प्रवेश नाकारला. काही महिने लंडनला शिकून ती परतली आणि १९५७ साली स्टावांगर या बंदराच्या गावातील नाट्यगृहात अॅन फ्रँकच्या भूमिकेत उभी राहिली. वय अठरा. पुढे ओस्लोत 'देत नॉर्स्के तेआत्रेत' या नाट्यसंस्थेत ती दाखल झाली. तिथे तिने ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मधली ग्रुशा केली. दुसऱ्याचे मूल छातीशी धरून डोंगर ओलांडणारी मोलकरीण. यातल्या एकाही ओळीत बर्गमन नाही, हे कृपया नोंदवून ठेवा. बर्गमनच्या कॅमेऱ्यासमोर ती प्रथम उभी राहिली १९६५ च्या उन्हाळ्यात. तेव्हा तिच्या पाठीशी रंगभूमीची आठ वर्षे होती.

या ओस्लोच्या नाट्यगृहाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. आपल्या भागातल्या माणसाला ते चटकन कळेल.

नॉर्वे सुमारे चार शतके डेन्मार्कच्या राजवटीखाली होता. १८१४ साली त्यातून सुटला तो स्वीडनच्या राजाच्या ताब्यात गेला, आणि १९०५ साली पूर्ण स्वतंत्र झाला. एवढ्या काळात लिहिण्याची भाषा झाली डॅनिश. घरात, शेतावर, होडीत बोलायची ती मात्र गावोगावची आपापली बोली. एकोणिसाव्या शतकात इव्हार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने खेडोपाडी हिंडून बोली गोळा केल्या आणि त्यांतून एक नवी लेखी भाषा उभी केली. तीच आजची न्यूनॉर्स्क. दुसरी, डॅनिशमधून वळत आलेली, ती बूकमोल. १८८५ साली तिथल्या संसदेने दोन्हींना समान दर्जा दिला, पण कागदावरचा दर्जा आणि रस्त्यावरचा मान यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. हुल्डा गारबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली या खेडवळ म्हणून हिणवल्या गेलेल्या भाषेसाठी नाट्यसंस्था काढली. १९१३ साली राजधानीत तिचे प्रयोग सुरू झाले तेव्हा प्रेक्षागारात शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, रस्त्यावर हाणामारी झाली. कारण काय, तर रंगमंचावर 'ही असली' भाषा!

'देत नॉर्स्के तेआत्रेत' म्हणजे तीच संस्था. लिव्ह उल्मन तिथली. अभिनेत्री म्हणून ती घडली ती भाषेच्या भांडणाने उभारलेल्या घरात. आता ज्यांना तिची 'मालकी' सांगायचीच असेल, त्यांनी आधी या घराचे नाव घ्यावे.

आमचे प्रास्ताविककार मित्र यावर म्हणतील, "हे सगळे ठीक. पण बर्गमन भेटला नसता तर तुम्हांआम्हांला तिचे नाव तरी कळले असते का?"

नसते कळले. हे मी प्रांजळपणे मान्य करतो. बर्गमन तेव्हा मोठा होताच. १९५७ सालचे त्याचे 'द सेव्हन्थ सील' आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' जगभर गाजले होते, दोन ऑस्करही मिळून चुकली होती. तिच्यामुळे तो मोठा झाला, असे म्हणायचा वेडेपणा मी करणार नाही. पण ओळख करून देणे वेगळे आणि मालक होणे वेगळे. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ काही नवरदेव होत नाही.

आणि मुख्य म्हणजे, तिने त्या चित्रपटांत काय केले ते पाहा. 'पर्सोना' (१९६६) घ्या. एक नामांकित नटी रंगमंचावर भूमिका करता करता मध्येच गप्प होते आणि पुढे बोलायचेच सोडून देते. तिची देखभाल करणाऱ्या नर्सच्या भूमिकेत बीबी आंदरसन. ती बोलते, बोलते, अखंड बोलते. लिव्ह उल्मनच्या वाट्याला अख्ख्या चित्रपटात मोजून थोडे शब्द आहेत. एका प्रसंगात नर्स या मुक्या नटीचे अंतरंग तिच्यापुढे उघडे करते. ते सगळे भाषण आधी लिव्हच्या चेहऱ्यावर दिसते आणि मग तेच्या तेच भाषण पुन्हा बोलणारीच्या चेहऱ्यावर. पहिल्या वेळी ऐकणाऱ्या चेहऱ्यावर जे घडते ते कोणी लिहून दिले? पटकथेत फार तर 'ती ऐकते' एवढे लिहिता येते. ते ऐकणे कसे असते, ते त्या सव्वीस वर्षांच्या मुलीने दाखवले.

तिने स्वतः सांगितले आहे की बर्गमन तिला आपले स्ट्राडिव्हारियस म्हणाला होता. म्हणजे जगातले सर्वोत्तम व्हायोलिन. तिने ते कौतुक म्हणून घेतले, तिचा अधिकार. मला मात्र त्यात खटकते. व्हायोलिन कितीही उत्तम असो, ते पेटीत ठेवले की गप्प राहते. वाजवणारा येईपर्यंत त्याला आवाज नाही. आपल्याकडे तबलजीच्या नावावर गाणे कोणी जमा करत नाही, मग नटीचे काम दिग्दर्शकाच्या खात्यावर का?

दोघांचे खासगी नातेही इथे हटकून पुढे केले जाते. फॉरो बेटावर ती दोघे काही वर्षे एकत्र राहिली, लग्न केले नाही, १९६६ साली मुलगी झाली. या गोष्टीवरून नॉर्वेत तिला बोलणी खावी लागली. बोलणी तिला! बर्गमनला याच गोष्टीने 'प्रतिभावंताचे वादळी आयुष्य' असा अध्याय मिळाला. एकाच घरातली एकच गोष्ट, पुरुषाच्या चरित्रात अलंकार आणि बाईच्या चरित्रात डाग. हा हिशेब उत्तर ध्रुवाजवळही आपल्याच वहीतला आहे. पुढे ती मुलीला घेऊन बेटावरून निघाली. आणि निघाल्यानंतर, लक्षात घ्या, निघाल्यानंतर तिने त्याच्याबरोबर 'क्राइज अँड व्हिस्पर्स' (१९७२), 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३), 'फेस टू फेस' (१९७६) आणि 'ऑटम सोनाटा' केले. घर सोडून आलेली बाई कामाला मात्र ताठ मानेने परत गेली. याला 'बर्गमनची' म्हणतात?

'सीन्स फ्रॉम अ मॅरेज'मधला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. नवरा दुसऱ्या बाईपायी घर सोडून गेला आहे. एका रात्री तो भेटायला येतो. मधल्या काळात बायकोने स्वतःविषयी काही लिहून ठेवले आहे. लहानपणापासून आपण दुसऱ्यांना आवडेल तेच कसे करत आलो, याचा तो शोध आहे. ती ते त्याला वाचून दाखवते. आपण पडद्यावर तिचा चेहरा पाहतो, जीव कानांत आणून ऐकतो. वाचन संपते, ती मान वर करते, तर नवरा झोपलेला. मला वाटते, लिव्ह उल्मनविषयी लिहिणाऱ्या बऱ्याच समीक्षकांचे असेच झाले आहे. ती बोलत होती तेव्हा ते झोपले होते. जाग आली तेव्हा त्यांनी दिग्दर्शकाचे नाव लिहून टाकले.

आता जमाखर्चच मांडायचा तर पुरा मांडू. १९७१ आणि १९७२ साली यान ट्रोएल या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या 'द एमिग्रंट्स' आणि 'द न्यू लँड' या चित्रपटांत ती क्रिस्टिना झाली. स्वीडनच्या दगडाळ रानातून पोटासाठी अमेरिकेत मिनेसोटाला गेलेली शेतकरीण. गाव सुटलेल्या कोणाही माणसाने ते काम पाहावे. त्यासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यात बर्गमनचा संबंध नाही. १९९२ सालापासून तिने स्वतः दिग्दर्शन सुरू केले. पहिला 'सोफी', कोपनहेगनच्या एका ज्यू कुटुंबाची गोष्ट. मग १९९५ साली सिग्रिड उन्सेटच्या कादंबरीवरचा 'क्रिस्टिन लाव्हरान्सदातर'. २००० साली बर्गमनने 'फेथलेस' या आपल्याच आयुष्यातल्या जखमेवर पटकथा लिहिली, आणि ती दिग्दर्शित करायला तिच्या हाती सोपवली. ज्याचे वाद्य म्हणून तिला ओळखत होते, त्यानेच आपली वेदना तिच्या हाती दिली. २००१ साली कान महोत्सवाच्या परीक्षकांची ती अध्यक्ष होती. २००९ साली सिडनीत तिने केट ब्लँचेटला घेऊन 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' बसवले. २०२२ साली तिला सन्माननीय ऑस्कर प्रदान झाले.

अपयश आले नाही का? आले. १९७३ साली हॉलिवूडने तिला 'लॉस्ट होरायझन' नावाच्या संगीतिकेत हिमालयातल्या कल्पित नंदनवनात नाचवले आणि तो चित्रपट साफ पडला. तिचे विरोधक हे उदाहरण देतात की बघा, बर्गमनबाहेर ती काही नव्हती. मग त्याच न्यायाने बर्गमनने तिला घेऊन जर्मनीत केलेला 'द सर्पंट्स एग' (१९७७) फसला, त्याचे काय? पडलेला चित्रपट तिच्या नावावर आणि चाललेला त्याच्या, ही वाटणी भावकीतही चालायची नाही.

इथवर माझ्याशी सहमत असलेले काही वाचक आता बिचकतील, कारण दुसरा मुद्दा आपल्याला अधिक झोंबणारा आहे.

त्या दिवशी चहाच्या वेळी कोणी विचारले, ही बाई नॉर्वेची ना, मग स्वीडिश कशी बोलते? त्यावर एक वयस्क स्नेही म्हणाले, "आपल्या भाषेत भागेना म्हणून गेली असेल. आपल्याही पोरी तशाच निघाल्यात." बोलणे माझ्याकडे पाहून होते. माझी पुतणी धारवाडकडच्या एका कन्नड नाटकात काम करते हे त्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत सगळे घर जमले असता यावरून मोठे भांडण झाले. "ज्या भाषेसाठी तुझ्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या, ती सोडून तू तिकडे तोंड रंगवणार?" असे तिला विचारले गेले. ती म्हणाली, "सोडली कुठं काका? तुमच्याशी मराठीतच भांडतोय की." मी त्या वेळी गप्प बसलो. घरातल्या सर्वांत वाचलेल्या माणसाने गप्प बसावे, याची मला आजही लाज वाटते. म्हणून तेव्हा न बोललेले आज लिहितो.

लिव्ह उल्मनने आपली भाषा सोडली काय? तिने स्वीडिशमध्ये क्रिस्टिना केली, स्वीडिशमध्ये मारियान केली. इबसेनची नोरा तिने ओस्लोत नॉर्वेजियनमध्ये केली आणि १९७५ साली तीच नोरा न्यूयॉर्कला इंग्रजीत. मग १९७७ साली ब्रॉडवेवर युजीन ओनीलची 'अॅना ख्रिस्ती'. पण आपले मन मोकळे करायचे झाले तेव्हा १९७६ साली आठवणींचे पुस्तक लिहिले ते नॉर्वेजियनमध्ये. नाव 'फोरान्द्रिंगेन', म्हणजे बदल. परक्या भाषेत राबून आलेली बाई हिशेब सांगायला आईच्याच भाषेत बसली. भाषा सोडणे म्हणतात ते हे?

कोणी म्हणेल, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या सख्ख्या बहिणी, एकीचे दुसरीला कळते. मराठी आणि कन्नडचे तसे नाही, त्या वेगळ्या कुळांतल्या. आक्षेप बरोबर आहे. पण नॉर्वेजियन आणि इंग्रजी यांत तसे बहीणपण नाही, तरी ती तिथेही गेली, आपले उच्चार घेऊन गेली. आणि शेजाऱ्याचा प्रश्न म्हणाल तर नॉर्वेला स्वीडनची सत्ता झुगारून तिच्या जन्माच्या वेळी तेहतीसच वर्षे झाली होती. जुना सल तिथेही होता. तरीही नॉर्वेजियन नटीने स्वीडिश शेतकरणीचे दुःख बोलून दाखवले म्हणून नॉर्वे तसूभर लहान झाला नाही. उलट स्वीडिश माणसाला कळले की आपली आजी कशी होती ते या परकीला ठाऊक आहे. शेजाऱ्यावर याहून मोठी मात कोणती?

आणि आपण कोणत्या तोंडाने शुद्धतेच्या गोष्टी करतो? मराठी रंगभूमी नवी झाली म्हणतो ती 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने, १९३३ साली. ते श्री. वि. वर्तकांचे नाटक मुळात ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर बेतलेले. स्त्रीला जी नीती लावता ती पुरुषालाही लावा, हा त्याचा विषय. त्यात पुरुषांनी लुगडी नेसली नाहीत, बाईचे काम बाईने केले, आणि तिचे नाव ज्योत्स्ना भोळे, गोव्याच्या बांदिवड्याची लेक. अनंत काणेकरांनी इबसेनच्या नोराला 'घरकुल'मध्ये मराठी केले. नॉर्वेची ठिणगी आपल्या चुलीत चालते, त्यावर आपण नव्या युगाची भाकरी भाजली. मग आपल्या घरची ठिणगी शेजारच्या चुलीत पडली तर घर विझले कसे?

लाठ्या खाल्लेल्यांचा मी अपमान करत नाही. भाषेच्या शाळा, भाषेचे फलक, कचेरीत आपल्या भाषेत कागद मिळण्याचा हक्क, यासाठी भांडले पाहिजे, मीही भांडतो. ओस्लोच्या त्या नाट्यगृहासाठीही लोक भांडलेच. पण भांडून घर उभे करायचे ते कशासाठी? मुलीला आत कोंडायला की तिने तिथून बळ घेऊन जगात जावे म्हणून? त्या घराने लिव्ह उल्मनला कोंडले नाही. म्हणून आज त्या घराचे नाव बेळगाव परिसरातल्या दिवाळी अंकात छापून येत आहे.

एक शेवटचा दाखला. २०१२ साली तिच्या आणि बर्गमनच्या नात्यावर एक माहितीपट निघाला, 'लिव्ह अँड इंगमार'. कथन तिच्याच आवाजात. दिग्दर्शक धीरज अकोलकर, आपल्याच मातीतले आडनाव. नॉर्वेच्या बाईची गोष्ट सांगताना त्यांना कोणी विचारले नाही की बाबा, तुझी भाषा कोणती. त्या नावात दोघे होते, पण तिचे नाव आधी होते. पुढे २०२३ साली अकोलकरांनीच तिच्यावर दुसरा माहितीपट केला. त्याच्या नावात फक्त लिव्ह उल्मन आहे. दोन नावांवरून एका नावावर यायला इतकी वर्षे लागली.

आमच्या गावात पुढच्या महिन्यात 'द एमिग्रंट्स' दाखवायचे ठरते आहे. प्रास्ताविक मी मागून घेतले आहे. आजींना खास निरोप धाडला आहे, आणि पुतणीलाही, तालीम नसेल तर. ज्या काकांनी गणपतीत तिला बोल लावले त्यांनाही बोलावले आहे. कुणी विचारले, "ही कुणाची?", तर मी सांगणार आहे, "ट्रॉनहाइमच्या उल्मनांची थोरामोठ्या कामाची लेक, नाव लिव्ह." आणि मग पुतणीकडे बोट करून सांगणार आहे, "ही आमची. कन्नड नाटकात काम करते, फार छान करते."

दुसरे वाक्य मी दोन वर्षांपूर्वीच बोलायला हवे होते.